देवाची घाटी आणि कोंडवाड्याची बाग

आमच्या वाडीतून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेला २१२ पायऱ्या आहेत. रत्नागिरीकडे अशा वाटेला पाखाडी म्हणतात, आमच्या गावात घाटी. जांभ्याचे चिरे, कुठे दोन हात रुंद तर कुठे चार, अर्ध्यावर डोकीवरचं ओझं टेकवायला विसाव्याचा कट्टा आणि तळाला जुनी तरीची, म्हणजे होडी लागायची, जागा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी याच वाटेने खाली जाते, म्हणून ही देवाची घाटी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती चढते-उतरते, पण पायऱ्या मोजल्या त्या १६ मे २०२१ नंतर. त्या रविवारी तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि वरच्या वळणावरचा जुना किंजळ मुळासकट आडवा झाला. मुळांबरोबर सतरा पायऱ्या उखडल्या. उरलेल्यांवर पावसात शेवाळ धरलं आणि जुलैत शेजारच्या काकी दुधाची किटली घेऊन उतरताना घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या अजून काठी घेऊन चालतात.

त्याच वर्षी जानेवारीत मी ग्रामपंचायतीवर निवडून आले होते. बचत गटाचं काम करायची, हिशेबाची वही नीट ठेवायची, म्हणून बायकांनी उभं केलं. काकी पडल्या तेव्हा सगळ्या माझ्या ओट्यावर आल्या. घाटी दुरुस्त व्हायला हवी हे सगळ्यांनाच पटलेलं होतं. बोलता बोलता कोंडवाड्याचा विषय निघाला. घाटीच्या माथ्यावर साडेसात गुंठ्यांची ही जागा, मोकाट गुरं कोंडायला कधीकाळी बांधलेली. आता गुरंच उरली नाहीत. चारी बाजूंनी जांभ्याचा गडगा, आत तीन काजू, एक रायवळ आंबा आणि पुरुषभर वाढलेलं रान. सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, सगळीकडे कलमांच्या बागांना कुंपणं पडली आहेत, पोरांना धड पळायला जागा नाही. कोंडवाडा साफ करून तिथे बाग करावी, म्हाताऱ्यांना बसायला, पोरांना खेळायला, आणि तिथून खाली खाडीपर्यंत सुरक्षित वाट, एवढंच आम्हाला हवं होतं.

मी एक अर्ज लिहिला आणि त्याच्या सहा प्रती काढल्या. जो कोणी भेटेल त्याला एक द्यायची. सगळ्यांनी अर्ज घेतला, मान डोलावली, चांगलं काम आहे म्हणाले. चार महिने गेले. दिवाळीनंतर शाखा अभियंते दुसऱ्या एका रस्त्याच्या मोजमापाला आले होते, त्यांना मी गाठलं. भला माणूस. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वयनी, ह्या अर्जार पैसो येवचो नाय. काम खंयच्या हेडात बसता ता आधी बघा."

हेड म्हणजे लेखाशीर्ष. हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. सरकारचा पैसा वेगवेगळ्या पिशव्यांत असतो आणि प्रत्येक पिशवीवर आत काय घालायचं ते लिहिलेलं असतं. 'बाग आणि वाट' असं एकत्र काम कुठल्याच पिशवीत मावत नाही. पायऱ्या एकीत, पाण्याचा निचरा दुसरीत, झाडं तिसरीत. त्या रात्री मी वहीत कामाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकासमोर रकाना मोकळा ठेवला. पुढची तीन वर्षं ते रकाने भरण्यात गेली.

पण त्यातलं पहिलं वर्ष जमिनीच्या कागदांतच गेलं. निधीच्या मागे लागणाऱ्याला हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सविस्तर लिहिते. कोंडवाड्याचं सोपं होतं, जागा ग्रामपंचायतीच्याच नावावर, मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद. घाटीचं तसं नव्हतं. पिढ्यान्पिढ्यांची वाट, गावच्या नकाशावर तुटक रेषेने दाखवलेली, पण जाते चार वेगवेगळ्या हिश्श्यांतून, आणि ग्रामपंचायतीच्या २३ नंबरला, म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांच्या नोंदवहीत, तिचं नावच नव्हतं. २३ नंबरला नोंद नसलेल्या वाटेवर सरकारी पैसा पडत नाही. नोंद घालायची तर जमीनमालकांची संमती हवी. चार सातबाऱ्यांवर मिळून एकतीस नावं. त्यातली नऊ माणसं केव्हाच वारलेली, काही तर माझ्या लग्नाआधी. वारस लावलेच नव्हते. मेलेल्या माणसाच्या मुलाने संमतीपत्रावर सही केली तरी त्याचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर ती सही धरत नाहीत. म्हणजे आधी मृत्यूचे दाखले, मग वारस तपास, फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, आणि मग संमती.

१ मे २०२२ च्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा होता. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आंब्याचा ऐन हंगाम, पेट्या भरायचे दिवस. बेचाळीस माणसं जमली आणि सभा तहकूब झाली. मला फार वाईट वाटलं. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, शिवाय ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, तिचा आम्ही पुरेपूर उपयोग केला. महिला सभेत पन्नासएक बायकांनी एकमुखाने घाटीचा विषय मांडला आणि ते इतिवृत्त घेऊन मी तहकूब सभेत उभी राहिले. ठराव झाला.

संमतीची कागदपत्रं मी गणपतीत केली. एकतीसांपैकी वीसेक माणसं मुंबईला, लालबाग, डोंबिवली, विरार, नालासोपारा. वर्षात एकदाच ती सगळी एका ठिकाणी सापडतात, चतुर्थीला. २०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. मी शंभर रुपयांचे स्टँप पेपर आधीच आणून मजकूर टाइप करून ठेवला होता. आरती झाली की प्रसाद घ्यायचा आणि पिशवीतून कागद काढायचे. बहुतेकांनी लगेच सह्या केल्या. एका घरातल्या मोठ्या भावाने मात्र हात मागे घेतला. म्हणाला, "पालखी जाता थंय माजी सही कित्याक व्हयी? आणि उद्या आगरात कंपाउंड घालूक दिशात काय?" त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. सरकारी नोंद झाली की वाट रुंद होणार, मग रिक्षा, मग गाड्या, मग त्याच्या पोफळी जाणार. त्याची भीती खोटी नव्हती, आजूबाजूला हे घडलेलं आहे. मी संमतीपत्रात वाक्य वाढवलं: वाट पायवाटच राहील, आहे त्या रुंदीपेक्षा रुंद होणार नाही, वाहन जाणार नाही. ते वाचून त्याने सही केली. पुढे हेच वाक्य आम्हाला फार उपयोगी पडलं, कारण नंतर कोणीतरी घाटीचा काँक्रीट रस्ता करू म्हणून पुढे आलं तेव्हा दाखवायला कागद होता. दोन सह्या राहिल्या त्यासाठी मी आणि सरपंच तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन आलो.

मधे एका कार्यालयात आमची वारस तपासाची फाइल सापडेनाशी झाली. तीन खेपा घातल्या. शेवटी सगळी कागदपत्रं पुन्हा दिली. त्या दिवसापासून मी पोच घेतल्याशिवाय कुठेही कागद ठेवत नाही. माझ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, आणि त्याचा मोबाइलवर फोटो.

वाट २३ नंबरला लागली आणि पहिलं अंदाजपत्रक झालं, १४ लाख ६० हजारांचं. पायऱ्यांना काँक्रीट आणि वर पेव्हर ब्लॉक, कोंडवाड्याला कमान, मधे हायमास्ट दिवा. मी ते घरी आणून रात्री ओळ न् ओळ वाचलं. आमच्या गवंड्याला दाखवलं, वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर चिऱ्याचं काम केलेला माणूस. तो म्हणाला, गुळगुळीत सिमेंटवर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, चिरा खरखरीत असतो, पाणी पितो. मी परत गेले आणि विचारलं की जांभ्याच्या बांधकामाचा दर सरकारी दरसूचीत आहे का. होता. कमान काढली, हायमास्ट काढला. बागेत रात्री लख्ख उजेड कोणाला हवा होता? विसाव्याच्या कट्ट्याजवळ आणि वळणावर सौर दिवे पुरेसे होते. अंदाजपत्रक ८ लाख ९० हजारांवर आलं. आकडा कमी झाल्यामुळे एक गोष्ट आपोआप झाली: कुठल्याही एका हेडाला ते काम जड वाटेनासं झालं.

आता रकाने. पहिला विचार पंधराव्या वित्त आयोगाचा. त्याच्या पैशात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित असे भाग होते. बंधित म्हणजे स्वच्छता आणि पाण्यासाठीच. अबंधित गावाच्या गरजेप्रमाणे, पगार आणि आस्थापनेवर सोडून. सगळ्यांचा डोळा अबंधितावर असतो, रस्ते, दिवे, सगळं त्यातूनच हवं असतं, आणि तो भाग लहान. आम्हाला दोन वर्षांचे मिळून २ लाख १० हजार मिळाले, तेही कोंडवाडा आणि मधल्या पायऱ्यांसाठी. पण बंधितातला पैसा पडून होता. त्यात पावसाचं पाणी साठवणं, जिरवणं बसतं. घाटीच्या कडेचा पाण्याचा पाट, दोन शोषखड्डे आणि विसाव्याजवळच्या जुन्या बावीची दुरुस्ती हे सगळं बंधितात बसलं, १ लाख ३५ हजार. हे ग्रामसेवकांच्या लक्षात आलं, श्रेय त्यांचं. मात्र काम गावाच्या विकास आराखड्यात असायला हवं. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, ती वेळ चुकली की वर्ष गेलं. आम्ही २०२२ च्या ऑक्टोबरातच काम आराखड्यात घालून घेतलं होतं.

नागरी सुविधांच्या योजनेत बाग बसते, पण ती पाच हजारांवर लोकवस्तीच्या ग्रामपंचायतींना. आमची त्याच्या निम्मीही नाही. पंचवीस-पंधरा, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या २५१५ नंबरच्या हेडाच्या यादीत नाव घालून बघितलं, यादी लांब होती. खासदार निधीलाही पत्र दिलं, उत्तर आलं नाही. शेवटी आमदार स्थानिक विकास निधीतून ३ लाख मिळाले, वरच्या पायऱ्या आणि लोखंडी कठड्यासाठी. पत्र, मग ओरोसला जिल्ह्याचं नियोजन कार्यालय, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. नांदगाव तिठ्यावर एसटी बदलून सात वेळा गेले. कार्यारंभ आदेश मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात हातात पडला आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. दहा दिवस उशीर झाला असता तर काम जूनपर्यंत उभंच राहिलं असतं.

कठड्याच्या वेळी एक प्रश्न आला. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखलेले असतात. एक सदस्य म्हणाले, कठडा त्यातून करू, म्हाताऱ्यांना आणि अपंगांनाच तो लागणार. कागदावर ते बसवता आलं असतं. पण आमच्या गावात एक पोरगा चाकाच्या खुर्चीवर आहे, त्याला २१२ पायऱ्यांच्या कठड्याचा काय उपयोग? त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत. मी विरोध केला आणि तो पैसा तसाच राहिला. त्याच्यासाठी कोंडवाड्याच्या फाटकाला पायरीऐवजी उतार ठेवला, तो मात्र आवर्जून.

रोजगार हमीकडून मजुरी निघेल असं मला वाटलं होतं. २०२४-२५ ला दिवसाचे २९७ रुपये. आंब्याच्या बागेत गड्याला त्याच्या दुपटीजवळ मिळतात, शिवाय हातोहात. त्यामुळे खोदाईला कोणी नाव दिलं नाही. झाडं लावायला आणि नंतर जगवायला मात्र सहा बायका तयार झाल्या, कारण ते पावसातलं काम, घराजवळचं, आणि संगोपनाची मजुरी पुढेही चालू राहते. जिथे जे बसतं तिथे ते घ्यावं.

कंपन्यांच्या सामाजिक निधीचीही वाट धरून बघितली. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के असा खर्च करावा लागतो. पण १ एप्रिल २०२१ पासून तो पैसा घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते (सीएसआर म्हणजे हाच सामाजिक निधी), आणि तिच्याआधी आयकराच्या बारा-अ आणि ऐंशी-जी या नोंदण्या लागत होत्या. आमचं मुंबई मंडळ, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांची संस्था, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं, पण आयकराची नोंदणी कधी केलेलीच नव्हती. एका कंपनीने बाकडी देऊ केली, पाठीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत. बायकांना ते पटलं नाही. ती वाट मी सोडून दिली. मंडळाने नंतर बारा-अ साठी अर्ज केला आहे, ते झालं तर पुढच्या कामांना उपयोग होईल.

मुंबई मंडळाने मात्र मनापासून साथ दिली. परळला एका शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली, मी घाटीचे फोटो घेऊन गेले होते. उखडलेल्या सतरा पायऱ्यांचा फोटो हातोहात फिरला. एक आजोबा तो बराच वेळ धरून बसले होते, या पायऱ्यांवरून त्यांच्या आईला शेवटचं खाली नेलं होतं म्हणाले. १०१ रुपयांपासून ५,००१ पर्यंत पावत्या फाटल्या. एकूण १ लाख ६४ हजार. फलकावर नावं लावायची का, यावर मोठा वाद झाला. मी म्हटलं, नावं लावायची तर १०१ वाल्याचंही त्याच आकाराच्या अक्षरात लागेल. मग फलकच नको असं ठरलं, हिशेबाचा कागद छापून प्रत्येकाला पाठवला.

सगळं मिळून ८ लाख ९ हजार. उरलेले एक्याऐंशी हजार आम्ही अंगमेहनतीने आणि मिळालेल्या चिऱ्याने भरून काढले. गावातल्या एका खाणवाल्याने दोन गाड्या चिरा दिला. शिमग्याआधी दरवर्षी घाटीची बेणणी, म्हणजे गवत-रान साफ करणं, होते, घरटी एक माणूस, कोयता घेऊन. ती रीत होतीच, आम्ही तिलाच चार रविवार जोडले.

आणि आता जे चुकलं ते. पायऱ्यांचा पैसा आधी आला, पाटाचा नंतर. बंधितातल्या रकमेसाठी ऑनलाइन मंजुरीला सरपंचांची डिजिटल सही लागते, तिची मुदत संपलेली होती, नवीन यायला वेळ लागला. मे महिन्यात नव्या पायऱ्या दिसत होत्या सुरेख, लाल, कडा धरलेल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री जो पाऊस पडला, त्यात सड्यावरचं सगळं पाणी घाटीत शिरलं. सकाळी जाऊन बघितलं तर चौदा पायऱ्यांखालची माती वाहून गेली होती आणि चिरे एकमेकांवर कलले होते. मी तिथेच खाली बसले.

गवंडी आला. तो काही बोलला नाही, पहार घेऊन वळणापाशी गेला आणि गवत बाजूला करून जमीन खरवडू लागला. हातभर खाली एक चिरा लागला, पायऱ्यांसारखा आडवा नाही, तिरका बसवलेला, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दिशेने उतरता. मधोमध बोटभर खोल खाच. "ह्या बघा," म्हणाला. खाली वीस पायऱ्यांवर दुसरा सापडला. त्याच्याखाली तिसरा. ज्यांनी ही घाटी पहिल्यांदा बांधली त्यांनी दर वीस पायऱ्यांना पाणी बाजूला काढून व्हाळात सोडलं होतं. वर्षानुवर्षांच्या मातीखाली ते चिरे बुजले, आणि आम्ही नवीन पायऱ्या त्यांच्यावरून नेल्या. "पाणी खंयसून जातला ता आधी बघूक व्हया. पायरी मगे."

अंदाजपत्रकात हे तिरके चिरे कुठेच नव्हते, कारण ते कोणाला माहीतच नव्हते. माझ्या वहीतले रकाने हेडांप्रमाणे पाडलेले होते. पैसा ज्या क्रमाने येतो तो वेगळा, आणि पाऊस ज्या क्रमाने काम मागतो तो वेगळा. पाट, मग तिरके चिरे, मग पायऱ्या, असं व्हायला हवं होतं. पाटाचा पैसा यायचा होता तोवर मी पायऱ्यांचं काम धरून ठेवलं असतं तर आमदार निधीची मुदत टळली असती, हेही खरं. पण मुंबई मंडळाचे पैसे आमच्याच हातात होते. त्यांच्यावर कोणाचं हेड नव्हतं, मुदत नव्हती. ते मी सौर दिवे आणि बाकड्यांसाठी राखून ठेवले होते. ते आधी पाटाला लावले असते तर या चौदा पायऱ्या गेल्या नसत्या. हाताशी असलेला मोकळा पैसा सगळ्यात आधी लागणाऱ्या कामासाठी ठेवायचा असतो, दिसणाऱ्या कामासाठी नाही. आता दुसऱ्या वाडीतल्या बायका विचारायला येतात तेव्हा मी हे पहिल्यांदा सांगते.

ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष त्याने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, चालू होता, त्याने चौदा पायऱ्या पुन्हा बसवल्या. कुरकुर केली, पण केलं. पाटाचं काम ऑक्टोबरात सुरू व्हायचं, तर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. डिसेंबरात सुरुवात झाली आणि मार्चअखेरच्या आत बिल निघालं. तिरके चिरे गवंड्याने स्वतः उभं राहून मोकळे करून घेतले, सगळे मिळून नऊ सापडले. मोजमाप पुस्तिकेत त्यांची नोंद नाही, पैसे कोणी मागितले नाहीत.

झाडांचं मी फार मनाने केलं. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून रोपं मिळाली, पण मला इथली झाडं हवी होती. सुरंगी, ओवळ, उंडी, रातांबा, सातवीण. खाडीकाठी उंडीखाली बिया पडलेल्या असतात, लिंबाएवढ्या. कवच तसंच ठेवलं तर रुजायला फार दिवस घेतात. वरचं कवच हलकेच दगडाने तडकवून पिशवीत लावलं की लवकर उगवतात. आमच्या गटातल्या बायकांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत एकशेवीस रोपं केली. जुलै २०२४ मध्ये कोंडवाड्यात आणि घाटीच्या वरच्या अंगाला लावली. पहिल्या उन्हाळ्यात एकोणतीस गेली, बाकी धरली आहेत. सुरंगीला फूल यायला बरीच वर्षं लागतील.

तळाच्या चाळीस पायऱ्यांना आम्ही हात लावला नाही. तिथे दोन्ही बाजूंना कांदळवन आहे, चिपी आणि तिवर, आणि उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनापासून पन्नास मीटरांत बांधकाम चालत नाही. काही माणसं म्हणाली, वर केलंत तसं गुपचूप खालीही करून टाका, कोण बघतं. मी नाही म्हटलं. ती झाडं आहेत म्हणून वादळात आमचा काठ टिकतो. तिथे खोऱ्याने चिखल काढायचा, एवढंच.

एक रकाना मात्र शेवटपर्यंत रिकामा राहिला होता, देखभालीचा. बांधायला सगळे पैसे देतात, झाडायला कोणी देत नाही. घरपट्टीतून ते निघणं शक्य नव्हतं. शेवटी उत्तर कोंडवाड्यातच मिळालं. तिथले तीन काजू आणि रायवळ आंबा ग्रामपंचायतीचे. इतकी वर्षं काजू कोण नेत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. आम्ही ग्रामसभेत ठराव केला की दरवर्षी फेब्रुवारीत झाडांच्या उत्पन्नाचा जाहीर लिलाव होईल आणि ती रक्कम फक्त बागेला आणि घाटीला. पहिला लिलाव २०२५ मध्ये झाला. बोली ६,४०० वर थांबली, ज्याने आधी काजू नेले होते त्यानेच घेतली. वहीत त्यासाठी स्वतंत्र पान उघडलं आहे. पहिल्या वर्षी त्यातले २,५०० बेणणीला आणि शेवाळ घासायला, ९०० एका सौर दिव्याच्या बॅटरीला.

त्या शिमग्याआधीच्या बेणणीला एकोणीस घरांतून माणसं आली. काकीही आल्या. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, अठ्ठ्याण्णव पायऱ्या उतरून विसाव्याच्या कट्ट्यापर्यंत आल्या आणि बसल्या. मग उठून पुढे पाय टाकायला गेल्या आणि थांबल्या. कठडा कट्ट्याच्या अलीकडे संपतो आणि पलीकडे सुरू होतो, मधे तीन पायऱ्या मोकळ्या आहेत. "वयनी, हंय धरूक काय नाय," म्हणाल्या. मी वही काढून काजूच्या पानावर लिहून घेतलं: विसाव्याजवळ कठडा, तीन पायऱ्या.